हँडलची बॅटरी

कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांवर वांगी भाजल्याचा धूर आला, की मला ती हिवाळ्यातली संध्याकाळ आठवते. डाळ मिल सुटल्यावर मी सायकलनं गावाकडे निघाले होते. बोटं गारठलेली, अंधार लवकर पडलेला, शेतात कुणाची तरी भरीत पार्टी चाललेली. मागून एक सायकल करकरत येत होती. मी जोर लावला, तर तिनंही लावला. घाबरून मी हँडलला बांधलेली बॅटरी बंद केली. रस्ता माझा रोजचाच होता. मागं धाडकन आवाज झाला आणि रस्त्याकडेच्या चारीतून एक म्हातारा ओरडला, "ताई, बॅटरी लाव व! मना सायकलले दिवा नही शे, तुनाच उजेडमा ई राहिंतू!" तो माझ्याच उजेडात येत होता, हे कळूनही मी थांबले नाही. आता स्कूटर आहे, मागं कुणी नसतं, तरी तो धूर आला की हात ब्रेकवर जातो.