माणसं बसवणारा सिद्धाप्पा

सिद्धाप्पा आमच्या गावात मेलेली माणसं बसवतो. ऐकून दचकायला होतं, म्हणून आधीच सांगतो. लिंगायतांत माणसाला जाळत नाहीत, पुरतात, आणि तेही मांडी घालून, तळहातावर गळ्यातलं इष्टलिंग ठेवून. अंग ताठायच्या आत मांडी घालावी लागते, पाठ भिंतीला टेकवून धोतराच्या पट्टीनं बांधावं लागतं. सिद्धाप्पाचा हात फिरला की माणूस पूजेला बसल्यासारखा दिसतो. मुरगूडच्या अलीकडं आमचं गाव. तिथं चाळीस वर्षं हे काम त्यानं स्वतःची शेती सांभाळून केलं. मी मराठ्यांच्या घरचा, पण आमची घरं भिंतीला भिंत लागून आणि शाळेत एकच बाक. त्यामुळं त्याच्याविषयी बोलायचा हक्क माझ्याइतका कुणाला नाही.

गाव आमचं सुधारलं. नदीचं पाणी माळावर चढलं, ऊस झाला, उसाच्या जिवावर पोरं इंजिनिअर झाली आणि इंजिनिअर झाल्यावर गावात राहायला त्यांना लाज वाटायला लागली. कागलला कारखाने आले, पण तिथल्या भट्टीसमोर उभं राहायला आमच्यातलं कुणी तयार होईना. मग बिहार-ओडिशाची माणसं आली. आमची पोरं पुण्याला गेली, पुण्यातून परदेशी. आज गावातली डोकी मोजली तर पूर्वीपेक्षा जास्तच भरतील. बंद घरांत भाडेकरू आलेत, किराणा दुकानात हिंदी चालते. गुणी आहेत बिचारे, गणपतीत आमच्यापेक्षा जास्त नाचतात. पण मयत झालं की आपलं कोण उरलंय ते कळतं. माझी दोन्ही लेकरं पुण्यात आहेत, तेव्हा मला बोलायला तोंड नाही. तरी बोलतो.

पूर्वी खड्डा काढायला दहा-बारा तरणी पोरं खोरी घेऊन यायची. आता जेसीबी येतो. आणि घरी येते शवपेटी, लेकरं पोचेपर्यंत मयत थंड ठेवायला. या पेटीवर सिद्धाप्पाचा भारी राग. तीत माणूस आडवाच ठेवावा लागतो, आणि आडवा ताठला की त्याला बसवता येत नाही. दोन वर्षांपूर्वी औषधदुकानवाल्या शशिधरचे वडील गेले, तेव्हा बहीण बंगळूरहून यायची म्हणून त्यानं पेटी मागवली. सिद्धाप्पानं भर अंगणात त्याची हजेरी घेतली. लेकीच्या सोयीसाठी बापाला लोळवतोस काय, असं चारचौघांत विचारलं. शशिधरनं निमूट पेटी परत पाठवली. बहिणीला मातीच बघायला मिळाली.

सिद्धाप्पाची बायको शिवगंगा त्याची चेष्टा करायची. म्हणायची, "मला आडवी नेलासा तर बगा, वाटंतच उटून बसीन." आम्ही हसायचो.

गेल्या फाल्गुनात ती सकाळी धार काढून आली, चरवी ठेवली, उंबऱ्याशी बसून भिंतीला टेकली, ती टेकलीच. सिद्धाप्पानं हाक मारली, मी धावलो. डॉक्टर येऊन मान हलवून गेले. सिद्धाप्पा तिची मांडी घालायला बसला. तेवढ्यात मी त्यांच्या एकुलत्या एका मुलाला, सोमशेखरला, जर्मनीला फोन लावला. का लावला? पोराला कळवायला नको? मला दुसरं काही सुचलं नाही. आज वाटतं, तासभर दम धरायला हवा होता.

मी फोन स्पीकरवर टाकून सिद्धाप्पासमोर धरला. सोमशेखर रडत म्हणाला, "आप्पा, मी निघालोय. उद्या दुपारपर्यंत पोचतो. अव्वाला एकदा बघू द्या."

उन्हाळा तापलेला. पेटीशिवाय एक दिवससुद्धा निघाला नसता. सिद्धाप्पाचे हात तिच्या गुडघ्यांवर होते. मग त्यानं स्वतःच्या हातानं तिचे पाय सरळ केले आणि अंगणात येऊन थांबलेल्या शशिधरला म्हणाला, पेटी आण. शशिधरला मागचा हिशेब चुकता करता आला असता. तो खाली मान घालून गेला आणि पेटी घेऊन आला.

दुसऱ्या दिवशी स्मशानात जेसीबीवाल्यानं विचारलं, लंबाई कितनी? बसलेल्या माणसाचा खड्डा चौकोनी, सिद्धाप्पा तो पावलांनी आखायचा. कुणाची लांबी त्यानं कधी घेतली नव्हती. तो घरी आला आणि पेटीच्या काचेवरून वितीनं बायकोला मोजलं. एवढं निगरगट्ट माझं मन, पण तेव्हा मी भिंतीकडं तोंड करून उभा राहिलो.

चार वाजता सोमशेखर आला. आईला पाहून पोटभर रडला. मग डोळे पुसत त्यानं विचारलं, "आप्पा, अव्वाला का बसवलं न्हाईसा?"

अठराव्या वर्षी शिकायला गेलेलं पोरगं. बाप काय करतो ते त्याला ठाऊक होतं, कसं करतो ते कधी बघितलं नव्हतं. मला त्याचा राग आला आणि त्याहून जास्त कीव आली.

"आता बसत न्हाय ती," एवढंच सिद्धाप्पा म्हणाला. शशिधरनं सोमशेखरला बाजूला नेऊन सगळं समजावलं. परत आला तो पेटीवर डोकं टेकून बसला. शिवगंगेला आम्ही आडवी पुरली.

तिसऱ्या दिवशी सिद्धाप्पानं मला आणि शशिधरला बोलावून घेतलं. सोप्यात भिंतीला पाठ लावून तो मांडी घालून बसला, धोतराची पट्टी शशिधरच्या हातात दिली आणि स्वतःच्या अंगावर दाखवायला लागला. गुडघा आधी कुठला दुमडायचा, मान कलू नये म्हणून काय लावायचं, गाठ कुठं मारायची. शशिधरनं पट्टी सैलच गुंडाळली. सिद्धाप्पा ओरडला, जरा आवळून बांद की.

बांधून झाल्यावर माझ्याकडं बघून म्हणाला, "माझ्या वेळंला सोमूला फोन असा बांदून झाल्यावर करायचा. आदी न्हाय."

मी मान डोलावली. वर पाहिलं तर सोमशेखर आमच्यासाठी चहा घेऊन दारात उभा. त्यानं सगळं ऐकलं होतं. कप खाली ठेवत तो हळूच म्हणाला, "व्हय आप्पा."