पाइपातला माणूस आणि फ्रेंच काका

२००३च्या हिवाळ्यात, अमेरिकेतल्या श्रूजबरीच्या आमच्या अपार्टमेंटमध्ये मला एका पुरुषाचा आवाज ऐकू येऊ लागला. बेडरूममध्ये भिंतीलगत हीटिंगचा पाइप होता, तिथून यायचा. शब्द कळत नसत, पण बोलणं माणसाचंच. नवरा शनिवार-रविवारीही अंधारात ऑफिसला जायचा आणि अंधारातच परतायचा. त्याने दोनदा रात्री कान लावून पाहिला, काहीच ऐकू आलं नाही. "दिवसभर एकटी असतेस ना," एवढंच तो म्हणाला. प्रेमाने म्हणाला, म्हणूनच जास्त लागलं.

मी नागपूरला फिजिक्समध्ये एमएससी केलेली, पण डिपेंडंट व्हिसावर नोकरी करता येत नव्हती. ओळखीच्या एका काकूंनी घराची शांत करून घ्यायला सुचवलं. बाबांना तर सांगायची सोयच नव्हती. ते शाळामास्तर, आयुष्यभर वस्त्यावस्त्यांत भानामतीविरुद्ध बोलत फिरलेले. मुलीच्या घरची भिंत बोलते, हे त्यांना कोणत्या तोंडाने सांगणार?

मी गावातल्या लायब्ररीत पुस्तकं लावायला जायचे, बिनपगारी. तिथे एक म्हातारे फ्रेंच गृहस्थ यायचे. पेशाने केमिस्ट. तरुणपणी, फ्रान्स जर्मनांच्या ताब्यात असताना त्यांनी हेरगिरी केली होती. कारखान्याच्या धुराचा रंग आणि वास यांवरून आत काय बनतंय ते ओळखायचं आणि चोरट्या रेडिओवरून लंडनला कळवायचं. पुढे त्यांनी न उलगडलेल्या गोष्टींवर पुस्तकं लिहिली, तेव्हा सोबतचे शास्त्रज्ञ त्यांना टाळू लागले. आता ते मुलीकडे राहत होते. मी त्यांना काका म्हणाले तेव्हा ते खूप हसले. फ्रेंचमध्ये काका म्हणजे लहान मुलांची शी. पण तेच म्हणत जा म्हणाले. इतक्या आदराने त्यांना तसं कुणी म्हटलं नव्हतं.

एके दिवशी त्यांना मी आवाजाचं सांगून टाकलं. ते हसले नाहीत, की त्यांचे डोळेही विस्फारले नाहीत. आठवडाभर फक्त वेळा लिहून ठेव, अर्थ लावू नकोस, असं त्यांनी सांगितलं. मी लिहिल्या. आवाज रोज साडेचारच्या सुमाराला, दिवस मावळताना थांबत होता. कागद पाहून ते म्हणाले, "भुतं सूर्यास्ताला कामावर येतात. हा घरी जातो. हा नोकरदार आहे."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांची मुलगी त्यांना आमच्याकडे सोडून गेली. ऐंशी ओलांडलेला तो माणूस कार्पेटवर गुडघे टेकून बसला. पाइपाचा एक गंजलेला सांधा त्यांनी हाताने दाबला, आवाज बंद. सोडला, परत सुरू. जवळच कुठेतरी रेडिओ स्टेशनचा मोठा टॉवर असणार, त्यांनी सांगितलं. गंजलेला सांधा रेडिओचं काम करतो आणि पाइपावर झाकण म्हणून बसवलेला पत्रा थरथरून बोलतो. अशी बरीच स्टेशनं सूर्यास्ताला पॉवर कमी करतात. युद्धात त्यांनी गंजक्या ब्लेडवर असाच रेडिओ ऐकला होता. मी पत्र्याला कान चिकटवला. तो माणूस सोफ्यांच्या सेलबद्दल सांगत होता.

मला रडू फुटलं. काका शेजारी बसून राहिले. नंतर मी विचारलं, उलगडलं म्हणून तुम्हाला वाईट नाही वाटलं? ते म्हणाले, नाही, उलगडण्याचाच तर आनंद. काही उरतातच, त्यांची मी वाट बघतो. मग त्यांनी मला विचारलं, "तू इतकं नीट टिपतेस, मग पुस्तकं का लावत बसली आहेस?"

त्या रविवारी बाबांना फोनवर सगळं सांगितलं. त्यांनी सांध्याबद्दल बारकाईने विचारलं. मग म्हणाले, "त्यांना माझा जयभीम सांग." मी सांगितला, त्याचा अर्थही सांगितला. काका काठी टेकून खुर्चीतून उठले आणि उभ्याने तो स्वीकारला.

पुढच्या वर्षी मला जवळच्या वूस्टर शहरातल्या एका कॉलेजात प्रवेश मिळाला. मला ड्रायव्हिंग येत नव्हतं. पहिलं सगळं सेमिस्टर काकांची मुलगी मला न्यायला-आणायला यायची, आणि मागच्या सीटवर ब्लँकेट पांघरून काका बसलेले असायचे. आज काय शिकवलं ते त्यांना घरी पोचायच्या आत ऐकायचं असायचं.