गंगेचा डबा

भिवराबाईला घाणीचा इतका तिटकारा, की गावातल्या निम्म्या घरांत ती घोटभर पाणी प्यायची नाही. लग्नाला गेली तर घरचा तांब्या बरोबर. एसटीत बसली की गंगाखेड येईपर्यंत नाकावरचा पदर खाली येत नसे. कुणी पेल्याला ओठ लावला, की तो राखेनं घासघासून काढल्याशिवाय फळीवर चढायचा नाही. घर शेळ्यामेंढ्यांचं, अंगणात लेंड्यांचा सडा, पण त्याचं तिला काही नव्हतं. "त्यो पालाच हाय की, पचलेला," म्हणायची. माणसाची थुंकी, शेंबूड, उष्टं मात्र नुसतं आठवलं तरी ती पुढचं ताट सारायची. लेकानं, बबलूनं, घराला लागून संडास बांधला तेव्हा ती कित्येक दिवस त्या भिंतीकडं पाठ करून जेवली.

आणि नेमके अशा घरात तिच्या नातीला सारखे जुलाब. राजेश्री दोन वर्षांची. जरा बरी व्हायची, चार घास खायची, की पुन्हा दुपटी भरायला लागायची. हातापायाच्या काड्या झाल्या. आंबूस घाण वास घरभर कोंडलेला. भिवराबाई नाक दाबून सुनेच्या नावानं बोटं मोडायची.

"नखं बघ तुझी. हातच घाण हाय तुझा, शीले!"

शीला बिचारी काय करणार? नळाला पाणी आठवड्यातून कधीतरी, तेही गढूळ. दवाखान्यातल्या नर्सबाईनं तिला बजावलं होतं, पाण्यात न दिसणारे जंतू असतात, भांड्याच्या आतून बुळबुळीत थर करून त्यात ते घर करतात, तेव्हा भांडं घासा आणि पाणी उकळा. शीला रोज उकळायची, गार करायची, घासलेल्या माठात भरायची.

मग भिवराबाई उठायची. तिच्या मते उकळलेलं पाणी म्हणजे मेलेलं पाणी, त्यात जीव घालायला हवा. त्यासाठी देवापाशी गंगेचा डबा होता. आमच्याकडं गोदावरीला गोदावरी कुणी म्हणत नाही, ती गंगाच. गंगेवर गेलं की भिवराबाई पाणी आणायची आणि तेलाच्या जुन्या प्लास्टिकच्या डब्यात, होतं त्याच पाण्यावर ओतायची. तो डबा कधी रिकामा करायचा नाही, घासायचा तर मुळीच नाही. गंगा का शिळी होते? तिला घासून काढणारे आपण कोण? त्यातलं पळीभर माठात जाई आणि एक पळी, मोठ्या मायेनं, नातीच्या तोंडात.

शीला एकदाच बोलली, "आत्याबाई, उकळल्यावर पुन्हा कच्चं पाणी कशाला?"

"गंगेला कच्चं म्हणायलीस? आदी तोंड धू तुझं!"

शेवटी पोरीनं डोळे फिरवले. सलाईन लावावी लागली. दवाखान्यातून शीला घरी आलीच नाही, थेट जिंतूरला माहेरी गेली. तिथं पोर महिन्याभरात गालानं भरली.

"ती हिकडं यायची न्हाई म्हणायलीय, आई," बबलू म्हणाला. "आपल्या घरचं पाणीच खराब हाय म्हणायलीय."

भिवराबाईच्या अंगाची लाही लाही झाली. नातीवाचून घर खायला उठलं होतं, हे मात्र ती बोलली नाही. "बोलीव तिला! एक डाग दावू दे म्हणावं ह्या घरात. न्हाई दावता आला, तर माझी पोर माझ्या घरी पायजे," म्हणाली, आणि पदर खोचून तिनं सगळं घर अंगणात काढलं. माठ, रांजण, फळ्या, देवसुद्धा.

देवाची फळी धुवायची म्हणून डबाही पहिल्यांदाच उन्हात आला. पाणी कळशीत काढावं म्हणून तिनं तो कलता केला. आधी पाणी आलं. मागून एक काळपट, हिरवट लोळा लोंबत आला, तुटेना, शेंबडासारखा लांबत राहिला. तिनं धीर करून आत हात घातला. डबा आतून सगळा बुळबुळीत. बोटं बाहेर काढली तर नखांत तेच, आणि वास असा, की ती भिंतीला धरून ओकली. सुनेनं सांगितलेलं नर्सबाईचं बोलणं आत्ता तिच्या डोक्यात शिरलं. घर करून राहतात म्हणे. राहिले होते की, देवाशेजारी, राजासारखे!

कोपरापर्यंत साबण लावून तिनं हात धुतले, पुन्हा धुतले. मग डबा उचलला. मोरीत ओतावं तर गंगा. म्हणून तुळशीपाशी गेली, डबा वाकवला आणि थबकली. असली घाण तुळशीला घालायची? तिनं डबा पुन्हा सरळ केला.

तुळशीला घालवत नव्हतं, ते तिनं रोज पोरीच्या तोंडात घातलं होतं. झाकण पुसून, पळी धुऊन, पदरानं पोरीचे ओठ टिपून.

बबलू बाहेर आला. "आई, शीलाला फोन लावलाय. काय सांगू?"

"पोरीला एवढ्यात आणू नको म्हणावं," भिवराबाई म्हणाली. "माझ्या हाताचा वास अजून गेला न्हाई."