घरच्यांचं एक वाक्य

आदरणीय सोपानराव बिरादार सरांची आणि माझी पहिली भेट एका पुस्तकापायी झाली. मी तेव्हा देवणीच्या आमच्या शाळेत सहावीत होते. शाळेची गोष्टींची पुस्तकं क्रीडाशिक्षकांच्या खोलीत असायची, कारण कुलूप लागेल असं कपाट तेवढं तिथंच होतं. मी पुस्तक मागितलं. सर म्हणाले, आधी मैदानाला दोन चकरा मार. खेळायला आलेल्यांना मात्र ते आधी दोन पानं मोठ्यानं वाचायला लावत. अशी मी पुस्तकासाठी येऊन खो-खोत अडकले आणि आमच्यातल्या कित्येक जणी खो-खोसाठी येऊन वाचायला लागल्या.

सरांच्या साठीनिमित्त त्यांनी मिळवलेल्या ढालींविषयी मान्यवर लिहितीलच. मला त्यांच्या एका नियमाविषयी लिहायचं आहे. सरावानंतर प्रत्येकीनं त्या दिवसाच्या खेळाचं एक पान लिहायचं, ते घरी वाचून दाखवायचं आणि ऐकणाऱ्याचं एक वाक्य पानाखाली जसंच्या तसं उतरवायचं. कुणाची आजी म्हणायची, गुडघ्याला हळद लाव. कुणाचा भाऊ म्हणायचा, हिला बसवूनच ठेवा. आमचं शुद्धलेखन सर तांबड्या शाईनं तपासत; घरच्यांच्या वाक्याला मात्र हात लावत नसत.

ते स्वतःही असं पान लिहीत आणि खाली काकूंचं, म्हणजे त्यांच्या पत्नीचं, वाक्य घेत. एकदा त्यांनी ते आम्हाला वाचून दाखवलं. काकू म्हणाल्या होत्या, दुसऱ्यांच्या लेकरांच्या वह्या बघता, आपल्या लेकाची कधी उघडली का? त्यानंतर रविवारी सर मैदानावर दिसले नाहीत; तो दिवस लेकाच्या वह्यांचा झाला.

माझी अडचण वेगळी होती. आमच्या घरात दहावीच्या पुढं कुणीच गेलं नव्हतं. नववीत गेल्यावर अप्पांनी, माझ्या वडिलांनी, खेळ बंद करायला सांगितलं. मी जादा तास आहे असं सांगून मैदानावर जात राहिले आणि अप्पांची वाक्यं स्वतःच लिहीत राहिले. ‘छान खेळलीस.’ ‘अशीच प्रगती कर.’ लातूरच्या जिल्हा स्पर्धेला आठवडा उरला असताना सरांनी मला बाजूला बोलावलं आणि वही उघडून शांतपणे विचारलं, “तुझे अप्पा ‘प्रगती कर’ म्हणतेत होय गं? आपल्याकडं लेकराला तोंडावर छान कोण म्हणतं?”

मला रडू कोसळलं. सर रागावले नाहीत, पण घरी खरं सांगितल्याशिवाय संघात घेणार नाही, हे त्यांनी स्पष्ट केलं. संरक्षणात मी सगळ्यात जास्त वेळ टिकायचे. माझ्यावाचून संघ दुबळा होणार, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

त्यांनी मला एकटीला पाठवलं नाही. त्याच संध्याकाळी ते माझ्याबरोबर घरी आले. अप्पा गोठ्यात गाईला कडबा टाकत होते. खेळाचं महत्त्व वगैरे सरांनी काही सांगितलं नाही. म्हणाले, “अप्पा, मी तुमचं मन वळवायला न्हाई आलो. लेक वाचती, तुम्ही ऐका, एवढंच.”

मी खोटेपणा कबूल केला आणि वाचू लागले. अप्पांच्या नावावरची वाक्यंही वाचली. एका पानात लिहिलं होतं, की खांबाजवळ मी दर वेळी डावीकडं झुकते आणि म्हणून सापडते. अप्पांनी मध्येच विचारलं, कळतंय तर झुकती कशाला? आई दारातून म्हणाली, आधी ऐका तरी. वही संपली तेव्हा अप्पांच्या हातातली पेंढी तशीच हातात होती.

“माझ्या नावावर खोटं लिवलीस, ते लई लागलं मला,” ते म्हणाले. “लातूरला जा. पण ह्याच्यापुढं माझं बोलणं मीच बोलणार.”

मुलींबरोबर बाई माणूस हवं म्हणून काकू सगळ्यांच्या भाकऱ्या बांधून लातूरला आल्या. अंतिम सामन्यात खांबाजवळ मी उजवीकडं वळले आणि शेवटच्या शिट्टीपर्यंत नाबाद राहिले. एका गुणानं आम्ही जिंकलो. घरी येऊन ते पान वाचलं आणि अप्पांचं पहिलं खरं वाक्य वहीत उतरवलं: ‘आता कॉलेजचं बघू.’

ते वाक्य अप्पांनी पाळलं. मी नांदेडला शिकले, घरातली पहिली पदवीधर झाले आणि आज तिथंच मुलींना खो-खो शिकवते.

यंदा माझी धाकटी बहीण शाळेच्या संघात आली. तिच्यासाठी कुणालाही आमच्या घरी यावं लागलं नाही. अप्पाच तिला मोटारसायकलवर मैदानावर सोडतात आणि सराव संपेपर्यंत तिथून हलत नाहीत.

सर, निवृत्त होऊनही तुम्ही रोज पहाटे मैदानावर हजर असता. तुमचे गुडघे, तुमची नजर आणि तुमची शिट्टी अशीच खणखणीत राहोत. बहिणीचा लातूरचा सामना तुम्हाला बघायचा आहे, आणि तिच्या मागून येणाऱ्या सगळ्या पोरींचाही.