गर्दन बदलणारे चाचा

गिटार ऐकताना चाचा आपली हनुवटी तिच्या लाकडावर टेकवायचे. गिऱ्हाइकांना वाटे, ही उस्तादांची खास पद्धत. मलाही तसंच वाटलं होतं.

विजापूर वेशीतल्या त्यांच्या दुकानात हार्मोनियमचे फाटके भाते आणि आम्हा कॉलेजवाल्यांच्या इलेक्ट्रिक गिटारी एकाच बाकावर पडलेल्या असत. गिटारच्या दांड्याला आम्ही इंग्रजी शाळेत शिकलेली मुलं 'नेक' म्हणायचो, चाचा 'गर्दन'. एका मॉडेलची गर्दन दुसऱ्या मॉडेलच्या धडावर बसवणं हे त्यांचं आवडतं काम. "सोयरीक करायची तर आधी दोन्ही घरं मोजायची," असं ते म्हणत. मोजायचे मात्र यंत्रमागाच्या सुताने. वरच्या टोकापासून गर्दनीवरच्या बाराव्या धातूच्या पट्टीपर्यंत सूत धरायचं. तिथून पुढे तेवढंच टाकलं की ते संपेल तिथे तारांचा खालचा टेकू. फूटपट्टी भिंतीवर नुसती लटकलेली असे.

माझ्या गिटारची गर्दन उन्हाळ्यात पिळली, तेव्हा मी दुसऱ्या मॉडेलची, जरा आखूड गर्दन मिळवली. माझी बोटं लहान आहेत. चाचांनी टेकू पुढे सरकवला, हनुवटी टेकवली आणि म्हणाले, "बरोबर हाय."

घरी वाजवली तर वरच्या पट्ट्यांवर प्रत्येक सूर चढत होता. मी गप्प राहिले. रिक्षावाला घर ओलांडून गेला तरी मी पुढच्या वळणावर उतरणारी मुलगी. पंधरा दिवसांनी खांद्यावरच्या पट्ट्याचा स्क्रू ढिला झाल्याचं निमित्त काढून गेले.

"बजाके दिखा," चाचा म्हणाले. मग, "ऊपर जा."

मी वर गेले. ते म्हणाले, "अच्छा है की!"

"चढतोय, चाचा."

"क्या?"

"सूर चढतोय."

"क्या बोली?"

तिसऱ्यांदा मी इतक्या जोरात बोलले, की समोरचा चहावाला वळून बघायला लागला. चाचांनी गिटार माझ्या हातातून काढून घेतली.

"पंद्रह दिन खोटा बजाई? कायकू चुप बैठी गं?"

मग त्यांनीच सांगितलं. दोन वर्षांपासून वरचे सूर त्यांच्यापर्यंत पोहोचत नव्हते. खालचे अजून हनुवटीच्या हाडातून कळायचे. "किसीकू बोलू नक्को. दुकान बैठ जाएगा."

सूर दाखवायला मी मोबाइलवर सूर मोजणारं ॲप उघडलं. त्यांनी त्याच्या काट्यावर हात ठेवला. "इसकू नक्को. तू बोल." ते टेकूचे स्क्रू फिरवत गेले आणि मी ओरडत गेले: चढतोय, अजून चढतोय, आता उतरला, आला. सहा तारांना अख्खी दुपार लागली. घरातही मी एवढं कधी बोलले नव्हते.

त्यानंतर गर्दन बदलायची असली की चाचा मला निरोप धाडत. मी गिऱ्हाइकाच्या मागे उभी राहून सूर बरोबर असला की अंगठा वर करायची, चुकला की खाली. लोकांना वाटायचं, पोरगी काम शिकतेय.

मग एकदा वैरागचा एक बँडवाला गर्दन बदलून घ्यायला आला. दुसऱ्या दिवशी त्याला लग्नात वाजवायचं होतं. चाचांनी "बरोबर हाय" म्हणून गिटार त्याच्या हातात दिली. माझा अंगठा खाली होता, पण त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. बँडवाला पायरी उतरू लागला.

"चाचा, चढतोय!" मी ओरडले.

बँडवाला हसला. "उस्तादापरीस तुला जास्त कळतंय व्हय?"

चाचांनी फडक्याला हात पुसले. "व्हय. मला वरचं ऐकू येत न्हाय. तिला येतंय. बस, च्या घे."

तो बसला आणि गिटार नीट करून घेऊन गेला. पण ही गोष्टही त्याच्याबरोबर गावोगाव गेली. गिटारी यायच्या कमी झाल्या. पाच-सहा महिन्यांत चाचा दुकान आवरून मुलीकडे गुलबर्ग्याला निघाले. ते सामान बांधत असताना मी त्यांच्या कानाशी जाऊन विचारलं, "त्या दिवशी मी गप्प बसले असते, तर दुकान चाललं असतं का?"

"चलता की," ते म्हणाले. "उस शादी में खोटा बजता, और मेरेकू मालूम भी नै पडता."