थांबा, लगेच घेऊ नका

किडन्या गेल्या तेव्हा मी एकतीस वर्षांचा होतो. आता चौतीस पूर्ण आहेत. आठवड्यातून तीन दिवस सकाळच्या बसने इचोड्याहून आदिलाबादला जायचं, वजन करायचं, खाटेवर आडवं व्हायचं. डाव्या हातात दोन जाड सुया जातात आणि चार तास रक्त मशीनमधून फिरून परत अंगात येतं. लोक ह्याबद्दल विचारतात तेव्हा त्यांना काहीतरी मोठं ऐकायचं असतं, असं वाटतं. सांगण्यासारखं मोठं काही नाही. पहिले दोन-तीन महिने भीती होती. मग भीती गेली आणि तिच्या जागी दुसरं काही आलं नाही.

आजारपणाआधी मी हैदराबादेत एका कंपनीत मोबाइलवरचे गेम तपासायचं काम करत होतो. ते सुटलं आणि मी घरी आलो. इचोड्यात रस्त्यावरच आमचं ताडपत्री आणि दोरखंडांचं दुकान आहे, वरच घर. ट्रकवाले गिऱ्हाईक. ते मोठा भाऊ बघतो. मला उचल-ठेव करायची मनाई, म्हणून मी पुण्याच्या एका मराठी वेबसाइटसाठी लिहायला लागलो. येत्या वर्षभरात कोणते व्हिडिओ गेम येणार आहेत आणि ते घ्यावेत की नाही, हे दर आठवड्याला लिहायचं. उजवा हात मोकळा असतो, त्यामुळे बरंचसं लिखाण मी मशीनला लागलेला असतानाच, फोनवर, एका अंगठ्याने करतो.

न आलेल्या गेमबद्दल लिहायचं म्हणजे ट्रेलर पुन्हा पुन्हा पाहायचा. करणाऱ्यांनी आधी काय केलं होतं ते शोधायचं. त्याला कसला कम्प्युटर लागेल ते सांगायचं. शेवटी एका चौकटीत एक शब्द असतो: घ्या, थांबा किंवा सोडा. मी जवळजवळ नेहमी ‘थांबा’ लिहीत असे. पहिल्या दिवशी गेम कच्चा असतो, मध्येच बंद पडतो. चार-सहा महिन्यांत तो दुरुस्तही होतो आणि स्वस्तही होतो. माझे वाचणारे बहुतेक कॉलेजची पोरं, वर्षातून एखादाच गेम विकत घेणारी. त्यांना हा सल्ला बरोबरच होता. आजही मला तो चूक वाटत नाही.

शेजारच्या खाटेवर एक मावशी यायच्या. पैनगंगेकाठच्या एका गावच्या, घरी कापूस आणि ज्वारी. पन्नाशीच्या पुढच्या, अंगाने बारीक. मुलगा मोटरसायकलवरून आणून सोडायचा आणि बाहेर चहाच्या टपरीवर बसायचा. सुरुवातीचे काही आठवडे आम्ही बोललो नाही. एकदा मी ट्रेलर पाहत होतो, आवाज बंद करून, तेव्हा त्यांनी मान वळवली.

“पिच्चर हाय का?”

“नाही मावशी, गेम आहे. अजून आला नाही. पुढच्या वर्षी येणार.”

“पुढच्या वर्षी येनार, मंग आत्ता काऊन दाखवून राह्यले?”

मी म्हणालो, लोकांनी वाट पाहावी म्हणून.

“आन् तू काय करते?”

“घ्यावा की नाही ते लिहितो.”

“तू खेळला?”

“नाही. आलाच नाही ना.”

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. “मंग बरं काम हाय,” म्हणाल्या आणि डोळे मिटून घेतले.

त्यानंतर त्या दर वेळी विचारायच्या, आज काय हाय. मी फोन उजव्या हाताने त्यांच्या बाजूला धरायचा. तलवारींचे, बंदुकांचे गेम त्यांना नको असायचे. “हे सोड,” म्हणायच्या. मोटारींच्या शर्यती दोन मिनिटं पाहायच्या. मग एका गेमचा ट्रेलर आला. त्या गेमचं नाव त्यांना कधी उच्चारता आलं नाही. आम्ही त्याला नावेचा गेम म्हणायचो. एका मोठ्या धरणाच्या पाण्यात दरी बुडालेली आहे. वर टेकड्यांवर थोडी वस्ती उरली आहे. आपण टपालवाले, होडी घेऊन ह्या टेकडीवरून त्या टेकडीवर पत्रं पोचवायची. ट्रेलरमध्ये होडी एका जागी थांबते आणि खाली, हिरव्या पाण्यात, गाव दिसतं. छपरं, एक कळस, गल्ली.

मावशी म्हणाल्या, “थांबव.”

मी थांबवलं.

“मोठं कर.”

मोठं केल्यावर ते फुटलं, नुसते चौकोन दिसायला लागले. त्या तरी पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “माझं माहेर असंच गेलं. बासरच्या अंगाले होतं, गोदावरीच्या काठानं. मी बारकी होती. पानी आलं तं आमी सामान बैलगाडीत टाकून उंचावर गेलो. मंग बाबा मले एक डाव नावंत बसवून घेऊन गेले. म्हने, हे पाय, हे आपलं घर. मले काई दिसलं नाई. मी म्हनलं दिसलं.”

काय बोलायचं ते सुचलं नाही असं नाही. बोलावंसंच वाटलं नाही. तेव्हा मी सगळ्यांशी तसाच होतो.

“ह्याच्यात खाली जाता येते का?” त्यांनी विचारलं. “म्हंजे त्या घराईत? आत?”

“ट्रेलरवरून कळत नाही.”

“मंग इचार ना त्याइले.”

मी खरंच विचारलं. गेम करणारे कुठल्या तरी थंड देशातले चार-पाच जण होते. त्यांना मी इंग्रजीत मेल लिहिली: पाण्याखालच्या घरांत जाता येईल का? आठ दिवसांनी उत्तर आलं, सगळं आत्ताच सांगून मजा घालवायची नाही. मावशींना सांगितलं तर म्हणाल्या, “बनवनाऱ्याईलेच ठाऊक नसीन.” मी त्या आठवड्याच्या लेखात गेमबद्दल चार ओळी लिहिल्या आणि चौकटीत ‘थांबा’ टाकलं.

“काय लिवलं शेवटी?”

“थांबा. लगेच घेऊ नका.”

“तू घेशीन का?”

“मीही थांबेन.”

त्यांनी मशीनकडे पाहिलं. अजून एक तास दहा मिनिटं दाखवत होतं. “मले थांबायचं नाई,” म्हणाल्या. “आला की मले पयले सांगजो.”

पावसाळा संपता संपता बातमी आली, गेम पुढे ढकलला. तारीख नंतर कळवू. असं सारखं होतं, मला सवय आहे. मावशींनी “मुलगी पसंत हाय, पन लगन पुढच्या साली” एवढंच म्हटलं आणि तोंडात बर्फाचा खडा टाकला. आम्हाला पाणी मोजून प्यायचं असतं, त्यामुळे त्या घरून थर्मासात बर्फ आणायच्या.

त्याच दिवसांत एकदा त्यांचं बीपी मध्येच खाली गेलं. त्या काहीतरी सांगत होत्या, शब्द अर्धा राहिला, मान एका बाजूला पडली. नर्स धावत आली, तिने खाट पायाकडून वर केली, सलाईन मोकळं सोडलं. मी उठायला गेलो असेन, कारण ती माझ्यावर ओरडली, “अन्ना, कदलोद्दु!” हलू नको. माझ्याही हातात सुया होत्या. मी परत आडवा झालो. आणि मग मी काय केलं, तर फोन उचलला आणि अर्धवट राहिलेलं वाक्य पूर्ण केलं. एका घोड्यांच्या गेमबद्दल होतं. ते वाक्य मला अजून पाठ आहे, पण इथे लिहीत नाही.

दोन दिवसांनी मावशी नेहमीसारख्या आल्या. वजन करून खाटेवर बसल्या आणि म्हणाल्या, “परवा तू पाहून राह्यला होता ना? काय वाटलं, मेली?”

“काही वाटलं नाही, मावशी.”

मला वाटलं त्या दुखावतील. त्या हसल्या. “मले बी आता काई वाटत नाई. लेक फोनवर रडते, तं मले वाटते हे कोनासाठी रडून राह्यली. रडनं झालं का मी इचारते, सैपाक झाला का.”

तीन वर्षांत ह्या गोष्टीबद्दल मी कुणाशी बोललो असेन तर एवढंच.

संक्रांतीनंतर किनवटला नवी मशिनं बसली. त्यांच्या गावाहून किनवट जवळ. मुलाने तिकडे नाव लावलं. शेवटच्या दिवशी त्यांनी गोळ्यांच्या खोक्याचा एक तुकडा फाडून त्यावर मुलाकडून नंबर लिहून घेतला आणि मला दिला. “नावेचा गेम आला की फोन कर,” म्हणाल्या. त्यांच्या खाटेवर एक निवृत्त मास्तर यायला लागले. ते चारही तास झोपतात.

गेम आला तो त्यानंतर चार महिन्यांनी, भर उन्हाळ्यात. मी पहिल्याच दिवशी विकत घेतला. भाऊ जेवायला वर आला होता, त्याने पडद्यावर पाहिलं.

“तूच लिहितो ना, पहिल्या दिवशी घेऊ नका म्हणून?”

“हो.”

“मंग?”

“एकांना सांगायचंय.”

गेम उतरायला दीड दिवस लागला, मध्ये लाइट दोनदा गेली. तिसऱ्या दिवशी दुपारी मी बसलो. माझ्या डाव्या हाताची शेवटची दोन बोटं थंड आणि बधिर असतात. सुया टोचण्यासाठी हातात जी नस जोडली आहे तिच्यामुळे बोटांना रक्त कमी पोचतं. कळ दाबली आहे की नाही हे त्या बोटांना समजत नाही, पाहावं लागतं. त्यामुळे होडी सारखी डावीकडे जायची. पहिल्या तासात ती एका दगडाला अडकली आणि गेम बंद पडला. पुन्हा सुरू केला. दुसऱ्यांदा धुक्यात बंद पडला. तिसऱ्यांदा मी त्या जागी पोचलो.

गाव होतं. ट्रेलरपेक्षा स्पष्ट. कळस, छपरं, पाण्यावर शेंडा आलेलं एक झाड. होडी थांबवली की पाणी संथ व्हायचं आणि आणखी खालचं दिसायचं, एक ओटा, ओट्यावर काहीतरी गोल, भांडं असेल. मी प्रत्येक कळ दाबून पाहिली. होडीतून उतरता येत नव्हतं. पाण्यात उडी मारता येत नव्हती. होडीचं टोक मुद्दाम एका छपरावर नेलं, तर ते छपरातून आरपार गेलं, जसं तिथे काही नव्हतंच. घरं नुसती रंगवलेली होती. मी असाच अर्धा-पाऊण तास फिरत राहिलो.

संध्याकाळी फोन केला. मुलाने उचलला, मग त्यांना दिला.

“मावशी, नावेचा गेम आला.”

“कोन? हा, बाबू. बरा हाय का? पानी कमी पेते ना?” मागे बकरी ओरडत होती. “आला का? कसा हाय?”

“चांगला आहे. मध्येच बंद पडतो.”

“आत जाता येते का?”

“नाही. वरूनच दिसतं. घरं दिसतात, ओटा दिसतो, पण आत जाता येत नाही.”

त्यांनी बकरीला हाकलल्याचं ऐकू आलं.

“असू दे,” म्हणाल्या. “आमी बी वरूनच पायलं.” मग विचारलं, “झाड हाय का?”

“एक आहे. शेंडा वर आलाय. चिंचेसारखं वाटतं.”

“आमच्या इथं कडुलिंब होता.” मग म्हणाल्या, “मंग घ्यावा का नाई घ्यावा?”

“तुम्ही सांगा.”

“मी काय सांगू बाप्पा. मले खेळता येते का.” मग त्या किनवटच्या मशिनांबद्दल बोलल्या. तिथे एसी फार लावतात, घरून गोधडी न्यावी लागते, बर्फाची गरजच पडत नाही. सुनेला दिवस गेले होते. फोन ठेवताना म्हणाल्या, “सांगितलं ते बरं केलं.”

मला बरं वाटायला हवं होतं. मी त्याची वाट पाहत खुर्चीत बसून राहिलो, थोडा वेळ. मग भावजयीने चहा आणला, माझा अर्धा कप.

लेख लिहिला तेव्हा मी होडीबद्दल, धुक्याबद्दल, गेम दोनदा बंद पडल्याबद्दल लिहिलं. शेवटी लिहिलं की पाण्याखालच्या घरांत जाता येत नाही. हे ज्यांना चालेल त्यांनी घ्यावा, बाकी मला सांगता येत नाही. चौकट रिकामी सोडली. दुसऱ्या दिवशी पुण्याहून संपादिकेचा फोन आला. ती माझ्याहून लहान आहे आणि फार नीट बोलते.

“दादा, लेख छान झालाय. फक्त शेवटी एक शब्द लागतो हो. चौकट तशी राहिली तर पान विचित्र दिसतं.”

“तुम्ही टाका.”

“थांबा टाकू? बंद पडतोय म्हणता ना.”

“टाका.”

तो शब्द बरोबरच होता. गेम सारखा बंद पडत होता. मी वाद घातला नाही.

लेखाखाली चार-पाच जणांनी लिहिलं, बहुतेकांनी त्यांच्या जुन्या कम्प्युटरवर चालेल का हेच विचारलं. मी उत्तरं दिली, सावल्या कमी करा, चालेल. आठवड्याभराने नांदेडच्या एका मुलाने लिहिलं: दादा, थांबा वाचलं होतं, तरी घेतला. पहिल्याच वळणावर नाव दगडाला अडकली आहे, काय करू?

मी लिहिलं, पुढे ढकलू नको. मागे घे, आणि मागे घेतानाच उजवीकडे वळव.

दहा मिनिटांनी त्याचं उत्तर आलं. निघाली.