खराटा पुढे, माणूस मागे

"खराटा पुढं, मानूस मागं," असं म्हणत प्लँटवरचे जुने कामगार, सगळ्यांचे मामा, आत शिरायचे. लांब बांबूला बांधलेला खराटा समोर धरून, दबक्या पावलांनी. नव्या माणसाला हसू फुटायचं. हायड्रोजनची ज्योत उजेडात दिसत नाही. पाइप गळून पेटला असेल तर आधी खराटा जळतो, मागचा माणूस वाचतो. हे कळलं की हसणारा मामांच्या मागे जाऊन उभा राहायचा.

रोह्याच्या त्या कंपनीत मी कामगारांचे कागद सांभाळायचो. मिठाच्या पाण्यात वीज सोडून साबणाला लागणारा कॉस्टिक सोडा काढायचा, हा आमचा धंदा. त्यात हायड्रोजन आपोआप निघतो आणि आमच्याकडे तो बराचसा चिमणीतून हवेत जायचा. मामांना ते बघवत नसे. त्यांचे वडील धरमतरच्या मिठागरात जन्मभर राबलेले. "बापानं मीठ काढलं, आन् तुमी त्याची हवा करून उडवता," असं ते साहेबांच्याही तोंडावर सुनावायचे.

एकदा कंपनीत हायड्रोजनवर चालणारी गाडी दाखवायला आणली. अशा समारंभांना तुम्हीही कधीतरी टाळ्या वाजवल्या असतील. नारळ फुटला, भाषणं झाली. गाडीच्या मागच्या नळीतून धूर नाही, नुसतं पाणी टपकत होतं. मामांनी ओंजळ धरली आणि साहेब नको नको म्हणत असताना ते पाणी प्यायले.

"मीठ नाय याच्यात," एवढंच म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते.

पेणच्या रस्त्याला अशा गाड्यांत हायड्रोजन भरायचा पंप होणार होता. तिथे हायड्रोजनची सवय असलेला माणूस हवा होता. पण पंप दुसऱ्या कंपनीचा, म्हणून आमच्याकडे आधी राजीनामा द्यायचा. मामांच्या निवृत्तीला चार वर्षं बाकी होती.

"जागा माझी नक्की ना, भाऊ?"

"तुमचीच, मामा."

मला साहेबांनी सांगितलं, मी मामांना सांगितलं. लेखी काही मागितलं नाही, आणि कागद सांभाळणं हेच तर माझं काम होतं. राजीनाम्याच्या दिवशी मामांनी कंपनीकडे फक्त तो खराटा मागितला.

पंप झाला नाही. त्याला आमच्याच चिमणीतला वायू द्यायचा होता, पण तो गाडीला चालेल इतका शुद्ध नव्हता. तो शुद्ध करा, मग प्रचंड दाबाने टाकीत भरा. एवढी वीज घालवण्यापेक्षा तीच सरळ बॅटरीत भरलेली बरी, असं वर ठरलं. शिवाय पंप नाही तर गाडी कोण घेणार, आणि गाड्या नाहीत तर पंप कोण उभारणार? नारळ फुटण्याआधीही हे साहेबांना माहीत होतं, हे मला फार उशिरा कळलं. ती गाडी आली ट्रेलरवर आणि गेलीही ट्रेलरवर.

मामांना पंपासाठी घेतलेल्या मोकळ्या प्लॉटवर वॉचमन म्हणून ठेवलं. कुंपण, पत्र्याची शेड आणि 'लवकरच' लिहिलेला बोर्ड. मी भेटायला गेलो तेव्हा ते खराट्याने प्लॉट झाडत होते.

"कवा बी येतील, भाऊ. जागा साफ पायजे."

मला दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी चहा पाजला. अशी माणसं फसवायला सोपी असतात, म्हणूनच आम्ही त्यांना निवडतो.

गेल्या पावसाळ्यात त्याच शेडमध्ये ताप अंगावर काढून मामा गेले. मी निडी गावात त्यांच्या घरी गेलो. मामी दारातच बसल्या होत्या. त्यांनी कोपऱ्यातला खराटा माझ्याकडे सरकवला.

"कंपनीचा हाय. घेऊन जा. घरात नको."

मी तो उचलला. तेव्हा त्यांनी विचारलं, "ती गाडी परत आली का हो?"

"नाही, मामी."

"मंग आमचं मानूस तितं काय राखत व्हतं?"

मी खराटा घेऊन स्टेशनकडे चालू लागलो.